पी. पी. नंबर

पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका ज्यांनी जपून ठेवल्या असतील, त्यांनी त्या एकदा अवश्य काढून पाहाव्यात. निमंत्रकांच्या नावाखाली घराचा पत्ता, पत्त्याखाली दूरध्वनी क्रमांक आणि क्रमांकापुढे दोन अक्षरे आढळतील : पी. पी. ही अक्षरे मूळची ट्रंक कॉलच्या परिभाषेतली. 'पर्टिक्युलर पर्सन', म्हणजे अमुक एका व्यक्तीशीच बोलावयाचे आहे, असा त्यांचा अर्थ. परंतु आमच्या लष्करात तो अर्थ कोणी फारसा मनावर घेत नसे. आमचे हिंदीभाषी शेजारी हसून म्हणत, पी. पी. म्हणजे 'पडोसी का फोन'. आणि व्यवहारात तोच अर्थ खरा होता.

आम्ही ज्या वाड्यात लहानाचे मोठे झालो, त्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि दूरध्वनी एकच होता. तो खालच्या चौकातल्या वकीलसाहेबांच्या बैठकीत, विणलेल्या झाकणाखाली, काळ्याभोर मांजरासारखा बसलेला असे. त्या काळी दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेव्हा उरलेल्या दहा बिऱ्हाडांनी अर्ज न करता वकीलसाहेबांचाच क्रमांक आपला मानला. आमच्या ताईच्या लग्नपत्रिकेवर तोच क्रमांक होता, आणि आमच्या नोकरीच्या पहिल्या अर्जावरही तोच.

मात्र तार वकीलसाहेबांच्या बैठकीत येऊन संपत असे. तेथून पुढची तार म्हणजे वकीलकाकू. कोणाचाही फोन आला की हातातले काम टाकून त्या चौकात येत, वर पाहून हाक मारीत, आणि माणूस घरी नसेल तर निरोप स्मरणात ठेवीत. निरोप देते असे म्हणून त्या विसरल्या, असे एकदाही घडल्याचे आम्हांस आठवत नाही. १९७४ च्या हिवाळ्यात एका मध्यरात्री नागपूरहून आईच्या वडिलांच्या आजारपणाचा ट्रंक कॉल आला. काकू बॅटरी घेऊन दोन जिने चढून आल्या. बातमी त्यांनी दारातच सांगितली नाही. आधी आईला बसविले, पाणी दिले, मग सांगितले, आणि पहाटेच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या. यंत्राने आणलेला निरोप माणसाच्या हातून कसा पोहोचावा, याचा तो पहिला धडा आम्हांस त्या रात्री मिळाला. तो पुरता समजायला मात्र पुढची सारी नोकरी आणि निवृत्तीनंतरचा एक लाजिरवाणा प्रसंग खर्ची पडला.

नवी वस्तू समाजात शिरते ती स्वतःच्या गुणांवर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तू चांगली असली की लोक ती घेतील, न घेतल्यास ते अडाणी, असा हिशेब आपण मांडून ठेवलेला असतो. ग्वाल्हेरकरांनी तरी हा हिशेब मान्य करू नये, कारण आपल्याच शहराशी जोडलेले एक उदाहरण त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ते उदाहरण पेटीचे.

आरती असो, नाट्यगीत असो की ख्याल, ज्या पेटीवाचून आपले पान हलत नाही, ती हार्मोनियम मुळात फ्रान्सची. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबॅं यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले. युरोपीय मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ती हिंदुस्थानात आली. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात, जमिनीवर बसून हाताने भाता मारता येईल अशी तिची घडण झाली. इतके होऊनही ती बाजारात मिळणारी एक परकी पेटीच होती. मैफलीत तिला मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत अग्रणी होते ते आपल्या ग्वाल्हेरचे भय्यासाहेब गणपतराव. जयाजीराव शिंदे महाराजांचे हे पुत्र. त्यांच्या मातोश्री चंद्रभागाबाई स्वतः गायिका होत्या. राजघराण्याशी रक्ताचे नाते, ठुमरीवर जीव, आणि पाय घरात न ठरणारे. ते जेथे जात तेथे त्यांची पेटी जाई. मौजुद्दीन खाँ आणि गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्यासारखे गुणी त्यांच्यापाशी शिकले. शिष्यांचे शिष्य झाले, आणि बनारस, कलकत्ता अशी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत पेटी पोहोचत गेली. कोणी जाहिरात वाचून तिला मैफलीत आणले नाही. ज्याच्या कानावर आपला विश्वास, त्याच्या हातात ती दिसली म्हणून आणली.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. पेटीचे सूर पक्के बांधलेले. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा जाणकारांचा आक्षेप चुकीचा नव्हता. १९४० साली आकाशवाणीने आपल्या केंद्रांवर तिला बंदी केली आणि ती बंदी सुमारे तीस वर्षे चालली. सरकारी स्टुडिओतून पेटी गेली खरी, पण घरातून, देवळातून, नाटकाच्या पिटातून आणि शिकवणीच्या खोलीतून ती तसूभरही हलली नाही. ती हुकमाने आली नव्हती, मग हुकमाने जाणार कशी? आपल्या पूर्वजांनी हे एका म्हणीत सांगून ठेवले आहे : गाव करी ते राव न करी.

ही म्हण आम्हांस पाठ होती, आणि तरीही आयुष्याची पस्तीसएक वर्षे आम्ही रावाच्या बाजूने काम केले. १९८३ च्या अखेरीस केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर थोड्याच काळात आम्ही राज्य शासनाच्या सेवेत दाखल झालो आणि एका विकासखंडात धूररहित चुलींचे लक्ष्य आमच्या वाट्याला आले. मातीची दोन तोंडांची चूल, मागे छपरातून वर जाणारे नळकांडे, सरपण कमी आणि धूर घराबाहेर. वस्तू निःसंशय चांगली होती. धुराने डोळे गेलेल्या बाया आम्ही डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आम्ही लक्ष्य मार्चपूर्वी पूर्ण केले, तक्ता भरला आणि शाबासकी मिळविली. पावसाळ्यानंतर त्याच गावांतून फिरताना पाहिले, तर निम्म्याहून अधिक चुली फोडलेल्या किंवा गार पडलेल्या. एका घरी नव्या चुलीवर कोंबडी अंडी उबवीत बसली होती. घरधनीण म्हणाली, साहेब, चूल चांगली आहे, पण हिच्या तोंडाशी भाकर शेकत नाही.

एका गावात मात्र चुली पेटत्या दिसल्या, आणि त्या गावाला तर आमच्या यादीत फार कमी चुली मिळाल्या होत्या. चौकशी करता कळले, की तेथील एका गवंड्याच्या बायकोने चुलीचे तोंड आपल्या मनाने रुंद करून घेतले होते, म्हणजे निखारे पुढे ओढून जाड भाकर उभी शेकता येई. तिचे पाहून तिच्या जावेने तशी केली, जावेचे पाहून शेजारणीने. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकी ती पाहून सासरी गेल्या आणि चार कोसांवरच्या दोन गावांत तशाच चुली उभ्या राहिल्या. या चुलींना अनुदान नव्हते, लक्ष्य नव्हते, पाटी नव्हती. माहेर आणि सासर यांच्यामधली जी पाऊलवाट, तीच तिचा प्रसारमार्ग. आमच्या अहवालात आम्ही त्या चुलींची नोंद 'विभागीय प्रयत्नांचे फलित' अशी केली. आज ते वाक्य आठवले की हसू येते, आणि हसून झाल्यावर थोडी लाजही वाटते.

आमचा हा अनुभव काही जगावेगळा नव्हता. अमेरिकेच्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघा अभ्यासकांनी मक्याच्या संकरित बियाण्याचा प्रसार कसा झाला, हे २५९ शेतकऱ्यांना विचारून पाहिले. त्यांचा लेख १९४३ साली प्रसिद्ध झाला. बियाण्याची वार्ता बहुतेकांना प्रथम विक्रेत्याकडून कळली होती, पण पेरण्याचा निश्चय झाला तो शेजाऱ्याचे शेत पाहून. वार्ता एका वाटेने येते आणि विश्वास दुसऱ्या वाटेने, हा त्यातला मर्माचा भाग. पुढे १९६२ साली या विषयावर गाजलेला ग्रंथ लिहिणारे एव्हरेट रॉजर्स याच आयोवातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या वडिलांना यंत्रांची हौस होती, पण नव्या बियाण्याला ते नको म्हणत. १९३६ च्या अवर्षणात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि त्यांचा आडवा झाला, तेव्हा त्यांचे मत पालटले. आयोवा काय आणि आमचा विकासखंड काय, मनुष्य कुंपणावरून डोकावल्याशिवाय पटवून घेत नाही.

याला एक जोड द्यावीशी वाटते. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने असे दाखविले, की नवी बातमी आपल्यापर्यंत पुष्कळदा जिवलगांकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसाकडून येते. जिवलग आपल्याच वर्तुळातले, म्हणून त्यांना जे ठाऊक ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. हे वाचताना आम्हांस आपला समाज डोळ्यांपुढे आला. दोनशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या लष्कराबरोबर येऊन येथे स्थिरावलेली आपली घराणी. एकमेकांची गोत्रे, कुलदैवते आणि पत्रिका आपल्याला तोंडपाठ. हा घट्टपणा म्हणजेच आपली श्रीमंती, पण त्यामुळे खिडक्या थोड्या कमी राहिल्या हेही खरे. आमच्या घरी संगणक आला तो कोणा आप्ताच्या सल्ल्याने नव्हे. नया बाजारातल्या एका सिंधी दुकानदाराशी आमची नमस्कारापुरती ओळख होती. त्यांच्या मुलाने आमच्या चिरंजिवांना आपल्या दुकानात बसवून तो शिकविला. मग मात्र वर्षभरात आमच्या नात्यातल्या सात घरी संगणक आले. खिडकी परक्याने उघडून दिली आणि वारा घरच्यांनी घरोघर नेला.

आपल्याच राज्यात धार जिल्ह्यात २००० सालच्या जानेवारीत 'ज्ञानदूत' प्रकल्प सुरू झाला. खेड्यांतून संगणकाची माहितीकेंद्रे उघडली. मंडीतले भाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, तक्रारींचे अर्ज तेथून होऊ लागले आणि त्याच वर्षी स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्या योजनेतली आम्हांस सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट यंत्राशी संबंधित नव्हती. केंद्र चालविणारा तरुण गावातला असावा, आणि त्याला 'सूचक' म्हणावे, ही ती गोष्ट. ज्याच्या काकाला आपण ओळखतो असा कोणीतरी पडद्यासमोर बसलेला असेल, तरच शेतकरी आपला सातबारा, म्हणजे आपल्याकडचा खसरा, त्याच्यापुढे उघडील. योजना आखणाऱ्यांनी येथे रावाचे काम गावाच्या हाती दिले होते.

येथवर लिहिलेले वाचून कोणास वाटेल, की आम्ही नात्यांची स्तुतिस्तोत्रे गाणार. तसे नाही. या साऱ्याला एक काळी बाजू आहे आणि हा लेख लिहिण्याचे कारण तीच आहे.

२०१६ नंतर स्वस्त इंटरनेट घरोघर आले आणि आपल्या समाजाचाही एक व्हॉट्सअ‍ॅप गट निघाला. तो आम्हीच काढला, आजही आम्हीच चालवितो. सुरुवातीस त्यावर केवळ सुप्रभात आणि गणपतीची छायाचित्रे येत. हळूहळू सत्यनारायणाची आमंत्रणे, कोजागिरीची वर्गणी, बारसे, साठीशांत, निधनाची वार्ता, सारे तेथेच येऊ लागले. पूर्वी मंडळाचा शिपाई सायकलवर पत्रके वाटीत फिरे, ती प्रथा थांबली. छापील कार्डे आधी कमी झाली, मग बंद झाली. देशाच्या पातळीवरही तेच होत होते. तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली होती, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. यात दुःख करण्यासारखे काही नाही, असे आम्ही समजत होतो. नवे आले की जुने जाणारच.

२०२१ च्या मे महिन्यात, महामारीची दुसरी लाट भरात असताना, दौलतगंजातल्या एका वृद्ध मातोश्री वारल्या. आम्ही पाच मिनिटांत वार्ता गटावर टाकली. तासाभरात दीडशे घरांतून हात जोडल्याची चित्रे आली. कोणास घराबाहेर पडता येत नव्हते, तेव्हा गटाचा केवढा आधार, असे आम्ही त्या रात्री सौभाग्यवतींना अभिमानाने म्हटल्याचे आठवते.

तेराव्या दिवसानंतर आम्हांस एक फोन आला, साधा फोन. पलीकडे वकीलकाकू होत्या. वकीलसाहेब जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा पुण्यास असतो, काकू वाड्यातल्या त्याच खोल्यांत एकट्या राहतात आणि बटणांचा फोन वापरतात. दौलतगंजातल्या ज्या बाई गेल्या, त्या काकूंच्या बालमैत्रीण. एकाच गल्लीतून दोघी सासरी गेल्या होत्या. काकूंना ही वार्ता दूधवाल्याकडून, तीही ओघात, कळली होती. त्या रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, "अरे, तुझ्या त्या गटात माझं नाव नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझं दार तर तुला ठाऊक होतं ना रे?"

आमच्या वाड्यातल्या अकरा बिऱ्हाडांचे निरोप जिने चढून जिने पोहोचविले, तिचा निरोप पोहोचवायला दीडशे घरांत एकही मनुष्य निघाला नव्हता. आणि कोणी मुद्दाम तसे केले होते असेही नाही. प्रत्येकाने हेच गृहीत धरले, की आता सर्वांना कळले आहे. त्या रात्री आम्हांस उमगले ते असे : ज्याच्याकडे नवे साधन नसते, तो पूर्वी होता तेथेच राहतो, अशी आपली समजूत असते, आणि ती खोटी आहे. शेजारी नव्या साधनाकडे वळले, की जुन्या साधनाची देखभाल करणारे कोणी उरत नाही. सायकलवरचा शिपाई थांबतो, पत्रक थांबते, चौकातली हाक थांबते. काकूंनी काहीही सोडले नव्हते. त्या जागच्या जागी असताना त्यांच्या भोवतालचे गाव उठून गेले होते. गाव करी ते राव न करी, हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की गाव विसरले तर रावालाही आठवण करून देता येत नाही.

टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही काकूंसाठी नवा फोन घेऊन गेलो आणि शिकवू लागलो. सरकारी परिपत्रक समजावून सांगावे, तशा क्रमांक घातलेल्या सूचना आम्ही दिल्या. तीन बैठकांनंतर काकूंनी फोन विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवला. पुढे त्या शिकल्या, पण आमच्याकडून नव्हे. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची अकरावीतली मुलगी संध्याकाळी अभ्यासाला तेथे बसते. काकू तिला संस्कृत सांगतात आणि ती काकूंना फोन. कोणाचे उपकार कोणावर, याचा हिशेब तेथे होत नसल्यामुळे शिकणे सोपे झाले असावे. गंमत अशी, की त्या मुलीची आई आमच्या चुलत भावाकडेही दहा वर्षे स्वयंपाक करते, पण तिच्या घरी हा विषय शिकवायला आमच्या समाजातला कोणी कधी गेला नव्हता. आपले जाळे कोठवर विणले आहे आणि कोठे संपते, हेही त्या निमित्ताने दिसले.

तरी सगळ्यांना अशी शेजारीण लाभत नाही. म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही एक साधा ठराव मांडला, आणि तो संमत झाला. सभासदांच्या यादीत आता एक रकाना वाढविला आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, अथवा असून उपयोग नाही, अशा प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे त्या रकान्यात जवळच्या एका घराचे नाव असते. गटावर वार्ता आली की त्या घराने ती स्वतः जाऊन सांगावयाची. निधनाची असेल तर दारातून सांगावयाची नाही, ही सूचना आमची. रकान्याचे शीर्षक काय असावे यावर थोडी चर्चा झाली. 'संपर्कसूत्र', 'निरोप्या' अशी नावे सुचविली गेली. शेवटी आम्ही सुचविलेले नाव ठरले : पी. पी. तरुण सभासदांना त्याचा अर्थ सांगावा लागला.

त्या रकान्यात तीन नावांपुढे आमचे नाव आहे. गेल्या मंगळवारी त्यांपैकी एका आजोबांकडे हळदीकुंकवाचा निरोप घेऊन गेलो होतो. निरोप दोन वाक्यांचा होता. परतायला दीड तास लागला.